हे गोड शब्द कुणाचे?

कर्जत तालुक्यातील कडाव हे गाव बाहेरच्या लोकांना तेथील बालदिगंबर गणेशाच्या मंदिरामुळे ठाऊक असते. कडावच्या आसपासच्या एका शाळेत शिकवणाऱ्या विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला सांगितलेली ही हकिकत आहे. जुलै महिना, भातलावणीचे दिवस. नववीतील एक मुलगी गटाचा प्रकल्प सादर करण्याच्या दिवशीच गैरहजर राहिली. गट अडून बसला. संध्याकाळी बाईंच्या मोबाइलवर तिचा संदेश आला : ‘आदरणीय बाई, आज प्रकल्प सादर करण्यास मी उपस्थित राहू शकले नाही. माझ्यामुळे आपल्याला व माझ्या गटाला झालेल्या गैरसोयीबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर आहे.’

ही मुलगी ठाकरवाडीतून येणारी, वर्गात चार शब्द बोलायलाही अवघडणारी. बाईंच्या मनात पहिला विचार आला तो असा : ही भाषा हिची नव्हे, मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहून दिलेली दिसते. बाई दमलेल्या होत्या, घरी पाहुणे होते. त्यांनीही मोबाइलमधल्या मदतनिसाला उत्तर तयार करायला सांगितले आणि आले तसे पाठवून दिले : ‘आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद. मी तुमची परिस्थिती समजू शकते. कृपया काळजी करू नका.’

तिसऱ्या दिवशी मुलगी शिक्षक-खोलीच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, रागावलात का? मला ‘तुम्ही’ म्हणालात.”

बोलण्यातून उलगडा झाला. मुलीने यंत्राची मदत घेतलेलीच नव्हती. मराठीच्या तासाला शिकलेल्या औपचारिक पत्राचा नमुना समोर ठेवून तिने तासभर खपून तो संदेश लिहिला होता. ज्या संदेशावर यंत्राचा संशय घेतला गेला तो माणसाचा होता, आणि जो माणसाचा म्हणून पाठवला गेला तो यंत्राचा.

एका शाळेतील या लहानशा प्रसंगात जो प्रश्न दडला आहे, त्यावर गेल्या काही वर्षांत बरेच संशोधन झाले आहे. यंत्राने सुचवलेल्या शब्दांमुळे आपले बोलणे अधिक प्रेमळ होते का? आणि झाले तर परस्परांवरचा विश्वासही वाढतो का? या संशोधनातून काय निघते, किती निघते आणि आपल्या वर्गाच्या दृष्टीने त्यात काय अपुरे आहे, हे या लेखात तपासू.

यंत्र शब्द कसे सुचवते?

आधी यंत्राचे काम समजून घेऊ. भाषा हाताळणाऱ्या यंत्राला प्रचंड मजकूर वाचायला दिलेला असतो. त्यावरून, अमुक शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता किती, याचा अंदाज करायला ते शिकते. ‘पाऊस जोरात’ असे शब्द आले तर पुढे ‘पडतोय’ येण्याची शक्यता मोठी, ‘शिजतोय’ येण्याची जवळजवळ शून्य. वाक्य असेच शब्दामागून शब्द वाढत जाते.

याचे एक मजेदार उदाहरण २०१५ मधले आहे. गुगलने त्या वर्षी आपल्या ‘इनबॉक्स’ या टपालसेवेत तयार उत्तरे सुचवण्याची सोय आणली. आलेले पत्र वाचून यंत्र तीन छोटी उत्तरे पुढे ठेवी आणि माणसाने त्यांतले एक निवडायचे. तिच्या सुरुवातीच्या नमुन्याला एक विचित्र खोड होती : पत्र कचेरीतले असो की कुणाचेही, यंत्र ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ अशा अर्थाचे उत्तर पुन्हापुन्हा सुचवी. कारण साधे होते. त्याने वाचलेल्या मजकुरात अशी वाक्ये भरपूर होती आणि नेमके काय उत्तर द्यावे हे कळेनासे झाले की ते सर्वाधिक संभवनीय, कुठेही खपून जाणाऱ्या वाक्याकडे वळे. पुढे ही खोड काढून टाकण्यात आली. त्या सेवेत मोबाइलवरून जाणाऱ्या उत्तरांपैकी १० टक्के उत्तरे या सोयीच्या मदतीने जाऊ लागल्याचे २०१६ मध्ये तिच्या निर्मात्यांनी नोंदवले.

हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. आजची यंत्रे कितीतरी प्रगत आहेत. जून २०२४ मध्ये गुगलचे जेमिनी ॲप भारतात आले, तेव्हा ज्या नऊ भारतीय भाषा त्याला येत होत्या त्यांत मराठीही होती. तरीही त्यांच्या शब्दांच्या मुळाशी शक्यतेचे गणित आहेच. यंत्राचा गोडवा हा पुष्कळ माणसांनी पूर्वी केलेल्या गोड बोलण्याचा काढलेला अर्क आहे.

एक प्रयोग, दोन निष्कर्ष

आता मुख्य संशोधनाकडे येऊ. जेस होहेनस्टाइन, माल्टे युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध एप्रिल २०२३ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या गटातील बरेच संशोधक अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे. पहिल्या प्रयोगात एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या २१९ जोड्या होत्या. प्रत्येक जोडीने एका विषयावर लेखी गप्पा मारायच्या. काही जोड्यांत दोघांनाही तयार उत्तरांची सोय होती, काहींत एकालाच, तर काहींत कुणालाच नाही. कुणाला सोय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवलेले होते.

काय आढळले? ज्यांना सोय होती त्यांच्या संदेशांपैकी सुमारे १४ टक्के, म्हणजे सातांत एक, यंत्राने सुचवलेले होते. संभाषणाचा वेग सुमारे १० टक्क्यांनी वाढला. भाषेत आनंदी, अनुकूल शब्द वाढले. आणि ज्याचा जोडीदार प्रत्यक्षात तयार उत्तरे वापरत होता, त्याला तो जोडीदार अधिक जवळचा व अधिक सहकार्य करणारा वाटला. २९९ जोड्यांच्या दुसऱ्या प्रयोगात यंत्राने सुचवलेल्या उत्तरांचाच सूर बदलून पाहिला, तेव्हा साऱ्या संभाषणाचा सूर त्याप्रमाणे बदलला. सुचवणारा जसा, तसे बोलणारे झाले.

हा झाला पहिला निष्कर्ष. दुसरा याच्या उलट आहे. जोडीदार यंत्राची उत्तरे वापरत असावा असा ज्यांना संशय आला, त्यांनी त्याला कमी गुण दिले : हा सहकार्य करत नाही, आपुलकी ठेवत नाही, वर्चस्व गाजवतो. म्हणजे यंत्राचा खरा वापर नात्याला उपकारक ठरला आणि वापराचा नुसता संशय अपायकारक. यावरून एक गोष्ट ओघानेच येते. संशय आणि वस्तुस्थिती यांची गाठ पक्की नव्हती; पक्की असती तर दोन्ही निष्कर्ष विरुद्ध दिशांना गेलेच नसते.

प्रयोगाची बलस्थाने आणि उणिवा

या संशोधनाची मोठी जमेची बाजू म्हणजे सोय कुणाला द्यायची हे योगायोगावर सोपवलेले होते. त्यामुळे वेग वाढला, सूर बदलला, तो सोयीमुळेच, असे खात्रीने म्हणता येते. मात्र दुसऱ्या निष्कर्षाबाबत तेवढी खात्री देता येत नाही. संशय कुणाला यावा हे चिठ्ठीने ठरवता येत नाही. संशयामुळे माणूस नावडता झाला, की आधीच नावडल्यामुळे संशय आला? दोन्ही शक्य आहे. विज्ञान शिकवताना आपण ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे’ असे सांगतो, ते इथे आपल्यालाच लागू पडते.

दुसरी उणीव नात्याची. प्रयोगातील माणसे अनोळखी होती आणि पुन्हा भेटणारही नव्हती. कडावच्या बाजारात मात्र ज्याला आज उत्तर दिले, तोच उद्या भाजीच्या पाटीपाशी समोर उभा असतो. त्या मुलीला बाईंचे मन जाणून घेण्यासाठी शाळेच्या दारापर्यंत येता आले. ओळखीच्या माणसांत संशय फिटण्याची सोय असते, तशीच एकदा फसवल्याची आठवण दीर्घकाळ राहण्याचीही असते. यांतले काय वरचढ ठरते हे अनोळखी माणसांच्या थोड्या वेळाच्या गप्पांतून कळणार नाही.

तिसरी उणीव आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रयोगात भाषेचा प्रेमळपणा शब्दांच्या भावनिक सुरावरून संगणकाने मोजला आणि संभाषणे इंग्रजीत होती. मराठीत आपुलकी बऱ्याचदा शब्दांत नसतेच; ती क्रियापदाच्या रूपात आणि हाक मारण्यात असते. घरात कुणी कुणाला ‘कृपया पाणी द्या’ म्हणत नाही, ‘जरा पाणी दे गं’ म्हणते. निघताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. ‘काय गं बाय, जेवलीस का?’ या वाक्यात भावनेचा एकही शब्द नाही. शब्द मोजणारी पद्धत त्याला साधी चौकशी ठरवील. उलट बाईंच्या उत्तरात ‘धन्यवाद’, ‘समजू शकते’, ‘काळजी करू नका’ असे सगळे गोड शब्द होते आणि तरी मुलीला ते झोंबले, कारण नेहमी ‘तू’ म्हणणाऱ्या बाई एकाएकी ‘तुम्ही’ म्हणाल्या. मराठीत मोठ्याने लहानाला असे ‘तुम्ही’ म्हणणे हा बहुधा रागाचा किंवा थट्टेचा सूर असतो. यंत्राला समोर कोण आहे हे सांगितले नव्हते. त्याने सर्वांना चालेल असे सुरक्षित रूप निवडले. परक्याशी बोलताना जो शिष्टाचार असतो तोच आपल्या माणसाशी दुरावा होतो.

सावड आणि पॉवर टिलर

यंत्राचे शब्द माणसाला खरोखरच दिलासा देतात, हे मात्र नाकारून चालणार नाही. एप्रिल २०२३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात लोकांनी इंटरनेटवर विचारलेले १९५ वैद्यकीय प्रश्न घेतले होते. प्रत्येकाला डॉक्टरांनी दिलेले उत्तर आणि चॅटजीपीटीचे उत्तर तज्ज्ञांसमोर नाव न सांगता ठेवले. सुमारे ७९ टक्के वेळा तज्ज्ञांनी यंत्राचे उत्तर पसंत केले. सहानुभूतीतही यंत्र पुढे होते : त्याची ४५ टक्के उत्तरे सहानुभूतिपूर्ण ठरली, डॉक्टरांची ५ टक्क्यांहून कमी. बातम्यांत हा आकडा गाजला. पण त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे. डॉक्टरांच्या उत्तरांची सरासरी लांबी ५२ शब्द, यंत्राची २११ शब्द. कामातून वेळ काढून लिहिणारा माणूस आणि वेळेची गरजच नसलेले यंत्र यांची ही तुलना होती. ती वाचताना डॉक्टर निष्ठुर असतात असा अर्थ काढण्यापेक्षा, चौपट शब्द लिहायला त्यांच्याकडे उसंत होती का, असे विचारणे योग्य.

२०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने हे कोडे थोडे सोडवले. आपली व्यथा सांगणाऱ्या लोकांना यंत्राने लिहिलेले उत्तर वाचून ‘आपले म्हणणे कुणीतरी ऐकले’ असे माणसाच्या उत्तरापेक्षा जास्त वाटले. पण ते यंत्राचे आहे असे कळताच हा परिणाम उतरला. मजकूर तोच, अक्षरही बदललेले नाही. मग काय कमी झाले?

याचे उत्तर भातशेतीत सापडते. लावणीच्या दिवसांत सावड चालते : आज तुमच्या शेतात आमची माणसे, उद्या आमच्या शेतात तुमची. सावडीने लावणी होते आणि दोन घरांत एक न लिहिलेला हिशेबही तयार होतो. कुणीतरी आपला दिवस दिला, ही त्याची किंमत. आता चिखलणीला भाड्याने पॉवर टिलर येतो. तो काम झपाट्याने करतो आणि त्याला नावे ठेवण्याचे कारणही नाही. पण पॉवर टिलरशी सावड होत नाही. शेजाऱ्याने ‘मी स्वतः आलो होतो’ असे सांगितले आणि प्रत्यक्षात भाड्याचा टिलर धाडला होता असे कळले, तर शेत तयार असूनही मन खट्टू होते.

सांत्वनाच्या किंवा क्षमेच्या शब्दांचे तसेच आहे. ते शब्द म्हणजे, कुणीतरी आपल्यासाठी वेळ काढला, विचार केला, याची खूण असते. आजवर शब्द लिहायला कष्ट पडत, म्हणून ही खूण भरवशाची होती. यंत्राने ते कष्ट जवळजवळ शून्यावर आणले. गोड शब्द स्वस्त झाले, त्यामुळे ते वाढले. आणि स्वस्त झाले म्हणूनच ते आता पुरावा म्हणून पुरत नाहीत. प्रेमळपणा वाढणे आणि विश्वास घटणे या एकाच कारणाच्या दोन बाजू आहेत, असे आम्हाला वाटते.

यंत्राच्या गोडव्याची आणखी एक अडचण एप्रिल २०२५ मध्ये दिसली. ओपनएआय कंपनीला चॅटजीपीटीमधला एक बदल काही दिवसांतच मागे घ्यावा लागला, कारण यंत्र वापरणाऱ्याची अवाजवी स्तुती करू लागले होते. लोकांनी दिलेल्या ‘आवडले’च्या खुणांवरून यंत्राला शिकवण्यात वाढ केली, तेव्हा ते खुशामत शिकले. प्रयोगवहीत चुकीचे वाचन लिहिणाऱ्या मुलाला ‘पुन्हा मोज’ म्हणणे हाही प्रेमळपणाच असतो. पण त्याला ‘आवडले’ची खूण त्या क्षणी मिळत नाही.

संशयाचा भुर्दंड कोण भरतो?

इथे आपण त्या मुलीच्या संदेशाकडे परत येतो. यंत्राचा मजकूर आपल्याला ओळखता येतो अशी पुष्कळांची समजूत असते. मॉरिस याकेश व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ४६०० लोकांना माणसांनी आणि यंत्राने लिहिलेले स्वपरिचय वाचायला दिले. ओळखण्याचे यश ५० ते ५२ टक्के, म्हणजे नाणे उडवण्याइतकेच. लोक ‘मी’, ‘माझे’, घरच्या माणसांचा उल्लेख अशा खुणांवरून मजकूर माणसाचा मानत होते आणि त्या खुणा फसव्या निघाल्या.

मग यंत्रानेच यंत्राला ओळखावे? स्टॅनफर्ड विद्यापीठातील वेइशिन लियांग व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी अशी सात ओळख-साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. सर्व निबंध माणसांचेच. तरीही साधनांनी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले. अमेरिकेतील आठवीच्या मुलांच्या निबंधांत मात्र ही चूक फारच कमी झाली. कारण आपण वर पाहिलेल्या शक्यतेच्या गणितात आहे. ही साधने ‘पुढचा शब्द किती अपेक्षित’ हे पाहतात. यंत्राचे शब्द अपेक्षित असतात. पण जो परकी भाषा जपून, शिकवलेल्या चौकटीत लिहितो, त्याचेही शब्द अपेक्षितच असतात.

आता कडाव परिसरातला वर्ग डोळ्यांपुढे आणा. ठाकर, कातकरी वाड्यांतून येणाऱ्या मुलांची घरची बोली वेगळी. प्रमाण मराठी त्यांनी शाळेत, पुस्तकातून, नमुना पाहून मिळवलेली असते. अशा मुलाने शुद्ध आणि औपचारिक लिहिले की ते ‘पुस्तकी’ वाटणारच, कारण ते पुस्तकातूनच आले आहे. ज्याच्या घरी प्रमाण मराठी बोलतात, त्याला लिहिताना मोकळे, खेळकर, चुकतमाकत राहणे परवडते. त्याच्यावर संशय येत नाही. वर्षानुवर्षे आपण या मुलांना सांगितले, ‘नीट लिहा’. आता ते नीट लिहू लागले तर तेच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरावे काय? होहेनस्टाइन यांच्या निबंधातील ‘संशयाने नाते बिघडते’ हे वाक्य प्रयोगशाळेत दोन अनोळखी माणसांपुरते असेल. वर्गात ते एका मुलीचे शाळेवरचे मन उडवू शकते.

वर्गात काय करता येईल?

वर्गात यंत्राला बंदी करून हा प्रश्न सुटणार नाही. काही ठिकाणी यंत्राचा उपयोग चांगला होतो. लिसा आर्गाइल व सहकाऱ्यांच्या २०२३ मधील प्रयोगात, बंदुकांवरील नियंत्रणाबाबत विरुद्ध मते असणाऱ्या अमेरिकी नागरिकांना संदेश पाठवण्यापूर्वी यंत्र अधिक सौम्य शब्दरचना सुचवी. ती घ्यायची, बदलायची की सोडायची हे लिहिणारा ठरवी. मते बदलली नाहीत, पण समोरच्याला संभाषण अधिक चांगले वाटले. रागाच्या भरात हात आवरायला असा थांबा उपयोगी आहे.

शिक्षकांनी पुढील कृती करून पाहावी असे आम्ही सुचवतो. ‘मित्राची शेळी मेली, त्याला दोन ओळी लिहा’ असा एक प्रसंग द्या. दहा विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावे. दहा उत्तरे शिक्षकांनी यंत्राकडून लिहवून घ्यावीत. सर्व वीस चिठ्ठ्या एकाच हस्ताक्षरात उतरवून मिसळाव्यात. बाकीच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक चिठ्ठी कुणाची ते ओळखावे आणि कारणही लिहावे. निष्कर्ष काढताना घाई नको : नाणे उडवून उत्तरे दिली तरी विसांपैकी १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता चारांत एक असते, १५ किंवा अधिक येण्याची मात्र पन्नासांत सुमारे एकच. त्यानंतर ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ कुठे आले, नावाने हाक कुणी मारली, शेळीचा रंग कुणाला आठवला, हे फळ्यावर मांडावे. भाषा आणि संभाव्यता हे दोन्ही विषय एका तासात हाताळले जातील.

आणि एक पथ्य पाळावे. मुलाच्या लेखनाबद्दल शंका आलीच तर ओळख-साधनाकडे न जाता मुलाकडे जावे. ‘हे कसे सुचले, सांग बरं’ एवढे विचारावे. ज्याने लिहिले त्याला ते सांगता येते, आणि ज्याने लिहिले नाही त्यालाही लाज न वाटता बोलण्याची वाट मोकळी राहते. हाच नियम आपल्याला स्वतःलाही लावावा. यंत्राकडून लिहून घेतले असेल तर तसे सांगावे, निदान पाठवण्याआधी एकदा वाचून ‘तुम्ही’चे ‘तू’ करावे.

त्या बाईंनी मुलीला शेजारी बसवून तिचा संदेश पुन्हा वाचला आणि आपला संदेश कुणी लिहिला होता तेही सांगितले. मुलगी आधी हसली. मग तिने विचारले, “बाई, माझा कुणी लिहिला असं वाटलं तुम्हाला?” बाईंनी खरे ते सांगितले. त्या सांगत होत्या, की ते वाक्य उच्चारणे त्यांना त्या दिवशी सर्वांत अवघड गेले. प्रकल्प पुढच्या आठवड्यात सादर झाला. विषय होता भाताच्या रोपांमधले अंतर आणि त्यांना फुटणारे फुटवे; आणि लावणीत चार दिवस काढून आलेली ती मुलगी, गटात कुणालाही ठाऊक नसलेल्या गोष्टी, आपल्या बोलीत, न अडखळता सांगत होती.